फुटबॉल मॅनेजर: शॉर्ट पासिंगची टीम गोलपर्यंत पोचतच नसेल तर काय करायचं

पझेशन (बॉल आपल्याकडे असण्याचा वेळ) ६६ टक्के, शॉट १७, पास सहाशेच्या वर आणि स्कोअर ०-१. समोरच्याने अख्ख्या मॅचमध्ये तीन शॉट मारले, त्यातला एक कॉर्नरवरून आत गेला. फुटबॉल मॅनेजर हा टीम सांभाळायचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या प्रत्येकाने ही मॅच कधी ना कधी बघितलेली असते, आणि ज्यांना शॉर्ट पासिंग आवडतं त्यांनी तर लागोपाठ चार-चार वेळा. फुटबॉल मॅनेजर २०२४ मध्ये आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमधला एक क्लब घेऊन खेळताना दुसऱ्या सीझनला मी नेमका इथेच अडकलो. पहिला सीझन मस्त गेला होता, वरच्या चारात आलो होतो, आणि दुसऱ्यात तीच टीम, तीच टॅक्टिक, पण आठ मॅचमध्ये सहाच गोल. मग एक पूर्ण रविवार बसून जुन्या मॅच परत बघितल्या आणि एकेक गोष्ट सोडवत गेलो. ते सगळं इथे लिहितोय, कारण ही खेळायची पद्धत मला मनापासून आवडते आणि लोक चार मॅच हरले की ती टाकून कुठली तरी तयार गेगेनप्रेस (बॉल गेला की लगेच झडप घालायची टॅक्टिक) डाउनलोड करतात ते बघून वाईट वाटतं. शॉर्ट पासिंग या गेममध्ये चालतं, छान चालतं, फक्त ते कुठे अडतंय ते शोधायला लागतं.

पहिल्यांदा हे समजून घ्या की दुसऱ्या सीझनला असं का होतं, कारण बरेच जण म्हणतात गेमने मुद्दाम त्रास द्यायला सुरुवात केली. तसं काही नसतं. तुम्ही पहिल्या सीझनला चांगलं खेळलात म्हणजे तुमच्या क्लबची रेप्युटेशन वाढली, आणि समोरचे मॅनेजर ती बघून टॅक्टिक ठरवतात. गेल्या वर्षी जो तुमच्यावर चालून यायचा तो आता नऊ-दहा माणसं बॉक्ससमोर उभी करून बसतो. पहिल्या वर्षी तुम्हाला त्यांच्या डिफेन्सच्या मागे मोकळी जागा मिळत होती आणि तुमचे गोल बहुतेक त्या जागेतूनच येत होते, पासिंगमुळे नाही. आता ती जागाच गेली. मग पास होत राहतात, पुढे मात्र काही सरकत नाही.

खऱ्या फुटबॉलमध्ये याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे २०१८ च्या वर्ल्ड कपमधली स्पेन विरुद्ध रशिया मॅच. मॉस्कोत, १ जुलैला. स्पेनने एक हजाराच्या वर पास दिले, १२० मिनिटं बॉल त्यांच्याकडेच, मॅच १-१ आणि पेनल्टीवर घरी. २०२२ ला मोरोक्कोविरुद्ध पुन्हा तेच, पुन्हा हजारावर पास, ०-० आणि पेनल्टीवर बाहेर. म्हणजे हा रोग तुमच्या सेव्हपुरता (गेममधल्या तुमच्या करिअरपुरता) नाहीये, जगातल्या सगळ्यात चांगल्या पास देणाऱ्या लोकांनाही झालेला आहे. आणि दोन्ही वेळा काय कमी होतं? पास नक्कीच नाही. बचावफळीच्या मागे धावणारा माणूस कमी होता. हे एक वाक्य डोक्यात पक्कं ठेवा कारण पुढचं जवळपास सगळं त्याच्यावरच आहे.

आता काम. टॅक्टिक स्क्रीन उघडायच्या आधी हरलेली किंवा ०-० सुटलेली एक मॅच परत बघा, आणि हायलाइट्स नाही, निदान वीस मिनिटं तरी पूर्ण मॅच बघा. हायलाइट्समध्ये फक्त शॉट दिसतात, आणि तुमचा प्रॉब्लेम तर शॉट न होण्याचा आहे, तो हायलाइट्समध्ये दिसणार कसा? टू-डी कॅमेरा लावला तर अजून चांगलं, दिसायला साधा आहे पण कोण कुठे उभा आहे ते त्यात सगळ्यात स्वच्छ कळतं. बॉल समोरच्या हाफमध्ये गेला की पॉज करा आणि एकच गोष्ट मोजा: आपले किती जण बॉल पायात मागतायत आणि किती जण जागेत पळतायत.

माझ्या त्या ०-१ वाल्या मॅचमधला एक तुकडा सांगतो, ६३ वं मिनिट. बॉल उजव्या सेंटर बॅककडे. त्याने डीप लाइंग प्लेमेकरला, म्हणजे मागे बसून पास वाटणाऱ्याला दिला, तो वळला, समोर बघितलं तर दोन्ही मिडफिल्डर त्याच्यापासून दहा-बारा मीटरवर येऊन उभे, दोघांनाही बॉल पायात हवाय. फॉल्स नाइन, म्हणजे खाली येऊन खेळणारा स्ट्रायकर, तोसुद्धा उतरून त्यांच्यातच आलेला. दोन्ही विंगर आत आलेले, आणि दोन्ही फुलबॅकना मी इन्व्हर्टेड विंग बॅक (कडेने न जाता आत येणारे) केलं होतं म्हणून तेही आतच. पॉज करून मोजलं तर पेनल्टी बॉक्सच्या बाहेरच्या एका छोट्याशा चौकोनात माझी सात माणसं आणि त्यांची नऊ. दोन्ही टचलाइन रिकाम्या. समोरच्या सेंटर बॅकना गुंतवून ठेवायला कोणीच नाही, ते नुसते उभे. प्लेमेकरने एक सेकंद बॉल धरला आणि मागे सेंटर बॅकला दिला, त्याने दुसऱ्या सेंटर बॅकला, त्याने कीपरला. हे असंच अख्ख्या मॅचभर चालू होतं, आणि मी आकड्यात पझेशन बघून समजत होतो की आपण कंट्रोलमध्ये आहोत.

गेममधल्या डेटा हबमध्ये जाऊन पास मॅप बघितला तर हीच गोष्ट चित्रात दिसते. सगळ्यात जाड रेघा दोन सेंटर बॅकमध्ये आणि तिथून फुलबॅककडे असतील, म्हणजे घोड्याच्या नालेसारखा आकार दिसत असेल आणि नालेच्या आतली जागा पांढरी फटक असेल, तर तुमची टीम समोरच्याच्या भिंतीभोवती फिरतेय, भिंतीतून जात नाहीये. शॉट मॅपसुद्धा बघा. १७ शॉट आणि एक्सजी (त्या शॉटमधून किती गोल अपेक्षित होते तो आकडा) ०.८ असेल तर एका शॉटची किंमत ०.०५ पण नाही, हे सगळे लांबून मारलेले वैतागाचे शॉट आहेत. तुलनेला सांगतो, एका पेनल्टीचा एक्सजी साधारण ०.७५ ते ०.८ धरतात. म्हणजे तुमचे १७ शॉट मिळून एक पेनल्टी झाली. शॉट किती झाले हा आकडा या खेळपद्धतीत जवळपास निरुपयोगी आहे, दर शॉटमागे एक्सजी किती हे बघायची सवय लावून घ्या.

आता रोलकडे या, म्हणजे प्रत्येक खेळाडूला गेममध्ये कसं खेळायला सांगितलंय त्याकडे. ९० टक्के वेळा चूक इथेच असते. आपल्याकडे म्हणतात ना, सगळेच पालखीत बसले तर उचलणार कोण. प्लेमेकर रोलचं अगदी तसंच आहे. गेममध्ये ज्याला प्लेमेकर रोल दिलाय त्याच्याकडे बाकीचे बॉल द्यायला बघतात, तो बॉल ओढून घेतो. एक असला तर टीमला दिशा मिळते. मी चार ठेवले होते, एक डीप लाइंग प्लेमेकर, एक रोमिंग प्लेमेकर, एक अॅडव्हान्स्ड प्लेमेकर, वर फॉल्स नाइन जो नावाने प्लेमेकर नाही पण काम तेच करतो. त्यात सगळ्यांची ड्युटी सपोर्ट. सपोर्ट ड्युटीचा अर्थ असा की हा माणूस बॉलच्या जवळपास राहणार, पास घेणार, पास देणार. अकरा जणांत एकही अटॅक ड्युटी नाही म्हणजे बॉलच्या पुढे पळायची जबाबदारी कोणाचीच नाही. कागदावर ती टॅक्टिक बघायला फार सुंदर दिसत होती, शॉर्ट पासिंग म्हणजे सगळे सपोर्टवर असं मला वाटायचं. ते चुकीचं आहे. जितके पास आखूड तितकी पुढे पळणाऱ्यांची गरज जास्त, कारण ते पळाले तरच समोरचा डिफेंडर हलतो आणि तो हलला तरच पास द्यायला फट पडते.

माझं फॉर्मेशन ४-३-३ होतं, डीएमवाला (डिफेन्ससमोर एक बचावात्मक मिडफिल्डर), आणि ते मी बदललं नाही. फक्त रोल बदलले. डाव्या विंगरला इन्व्हर्टेड विंगर सपोर्टवरून इनसाइड फॉरवर्ड अटॅक केलं, म्हणजे फॉल्स नाइन खाली उतरला की हा त्या रिकाम्या जागेत घुसतो. फॉल्स नाइन तेव्हाच ठेवायचा जेव्हा त्याच्या शेजारून कोणीतरी आत पळणारा असेल, नाहीतर तो फक्त मिडफिल्डमधली गर्दी वाढवतो. डावा फुलबॅक साधा विंग बॅक सपोर्ट केला, तो टचलाइन धरून वर जातो, डावीकडची रुंदी त्याची. उजवीकडे उलट केलं. तिथला विंगर खराखुरा विंगर, सपोर्ट ड्युटी, पाय टचलाइनवर. त्याच्यामागचा फुलबॅक इन्व्हर्टेडच ठेवला, तो आत येऊन डीएमशेजारी उभा राहतो. आणि उजव्या बाजूचा मिडफिल्डर मेझाला अटॅक, जो विंगर आणि स्ट्रायकरच्या मधल्या फटीत घुसतो. डावा मिडफिल्डर कारिलेरो, शांत माणूस, इनसाइड फॉरवर्ड आणि विंग बॅक दोघं वर गेले की त्यांची जागा झाकतो. डीएमवर एकच प्लेमेकर, ड्युटी डिफेंड.

नीट बघा, यात दोन्ही बाजूंना रुंदी द्यायला एकेक माणूस आहे, दोन्ही बाजूंना आत पळणारा एकेक माणूस आहे, आणि मागे दोन सेंटर बॅक, डीएम, इन्व्हर्टेड फुलबॅक, कारिलेरो असे पाच जण बॉल गेला तर थांबवायला आहेत. हेच रोल घ्या असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे दुसरी माणसं असतील, ४-२-३-१ असेल, तर शॅडो स्ट्रायकर पळेल, फॉल्स नाइनऐवजी अॅडव्हान्स्ड फॉरवर्ड पळेल. पण प्रत्येक बाजूला तीन प्रश्न विचारा: इथे टचलाइनला कोण आहे, इथून बॉक्समध्ये कोण पळतंय, आणि हे दोघं गेले की मागे कोण उरतंय. एखाद्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती बाजू अडणार. आणि एका प्रश्नाला दोन उत्तरं असतील, म्हणजे विंगर आणि विंग बॅक दोघंही टचलाइनलाच, तरी ती बाजू अडणार कारण ते एकमेकांच्या जागेत उभे राहतात.

आयएसएलमधली एफसी गोवाची २०१७ ते २०२० मधली टीम ज्यांनी बघितलीय त्यांना हे लगेच कळेल. सर्जिओ लोबेरा कोच होते आणि फातोर्ड्याला, त्यांच्या घरच्या मैदानावर, तेव्हा जे फुटबॉल व्हायचं तसं आयएसएलमध्ये त्याआधी फारसं दिसलं नव्हतं. लोकांना आठवतात ते छोटे छोटे पास, पण नीट आठवून बघा, अहमद जाहू मागे बसून बॉल फिरवायचा आणि मंदार राव देसाई डावीकडून सुसाट वर जायचा, जो आधी विंगर होता आणि लोबेरांनी त्याला लेफ्ट बॅक केला. आणि पुढे स्ट्रायकर कोरो (फेरान कोरोमिनास). १८ गोल पहिल्या सीझनला, १६ दुसऱ्याला, दोन्ही वेळा गोल्डन बूट. तो उभा राहून बॉल मागत नव्हता, डिफेंडरच्या खांद्यावरून सतत सटकत होता. एक बसणारा, एक रुंदी देणारा, एक सटकणारा. पुढे लोबेरा मुंबई सिटीला आले, जाहू आणि मंदार पण आले, आणि २०२०-२१ ला मुंबईने लीग शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही जिंकल्या. माझ्या सेव्हमधला डावा विंग बॅक मी सरळ मंदारला डोळ्यासमोर ठेवून लावला होता.

रोलनंतर टीम इन्स्ट्रक्शन. इथे लोकांचं होतं एक ना धड भाराभर चिंध्या. पासिंग मच शॉर्टर, टेम्पो मच लोअर, प्ले आउट ऑफ डिफेन्स, वर्क बॉल इंटू बॉक्स, मेंटॅलिटी कॉशस, विड्थ नॅरो, वर ड्रिबल लेस पण. यातली जवळपास प्रत्येक इन्स्ट्रक्शन खेळाडूला एकच गोष्ट सांगते, की थांब, घाई करू नको, रिस्क घेऊ नको. एकदा सांगितलं तर तो शांत खेळतो. सहा वेळा सांगितलं तर तो मोकळा माणूस समोर दिसत असताना पण मागे पास देतो, कारण तुम्हीच त्याला तसं बजावलंय.

मेंटॅलिटी, म्हणजे टीमने एकूण किती रिस्क घ्यायची ते, ही सगळ्यात जास्त गैरसमज असलेली गोष्ट आहे. पझेशनसाठी मेंटॅलिटी खाली ठेवायची असं बरेच जण करतात. पण मेंटॅलिटी बदलली की तिच्याबरोबर टेम्पो, पासचा डायरेक्टनेस, विड्थ, रिस्क हे सगळं खालून सरकतं. स्क्रीनवर शॉर्टर लिहिलेलं तेच राहतं पण पॉझिटिव्हवरचं शॉर्टर आणि कॉशसवरचं शॉर्टर एकच नाही. कॉशसवर तेच पास अजून आखूड आणि टेम्पो अजून संथ होतो. मी शेवटी जे ठेवलं ते असं: मेंटॅलिटी पॉझिटिव्ह, पासिंग शॉर्टर म्हणजे एकच पायरी खाली, टेम्पो स्टँडर्डपेक्षा एक पायरी वर, विड्थ एक पायरी रुंद, प्ले आउट ऑफ डिफेन्स, आणि बस. टेम्पो वर का? कारण बॉल जितका हळू फिरतो तितका समोरच्याला सरकायला वेळ मिळतो. तुम्ही बॉल डावीकडून उजवीकडे नेताय ते समोरची भिंत एका बाजूला ओढायला, आणि बॉल भिंतीपेक्षा हळू सरकला तर नमनालाच घडाभर तेल, वग सुरूच होत नाही. आखूड पास आणि चढा टेम्पो ही जोडी जमते, खरं तर तीच जमते, फक्त खेळाडू त्या ताकदीचे लागतात, त्यावर पुढे येतोच.

वर्क बॉल इंटू बॉक्स काढून टाकायला मला स्वतःला जड गेलं. नाव ऐकून वाटतं की हेच तर हवंय, बॉक्समध्ये बॉल न्या. पण ही इन्स्ट्रक्शन लांबचे शॉट कमी करते तसे क्रॉसपण कमी करते, आणि बसलेल्या डिफेन्ससमोर आडवा खालून दिलेला क्रॉस हा तुमचा सगळ्यात चांगला चान्स असतो. विंग बॅक गोललाइनपर्यंत पोचला, मागे कट केला, आणि इनसाइड फॉरवर्डने ८ मीटरवरून पाय लावला, हा गोल मला नंतरच्या मॅचमध्ये इतक्या वेळा मिळाला की बस. लांबचे शॉट फारच होत असतील तर त्या एकदोन खेळाडूंनाच वैयक्तिक इन्स्ट्रक्शनमध्ये शूट लेस द्या, अख्ख्या टीमचे हात बांधू नका. आणि पास इंटू स्पेस (पायात न देता मोकळ्या जागेत पास) समोरचा वर येऊन प्रेस करतोय, म्हणजे बॉलवर चालून येतोय, तेव्हा चालू करा, तो बॉक्सवर बसलाय तेव्हा बंद, कारण तेव्हा मागे स्पेसच नसते.

हो, आणि प्रेस करणारी टीम हा वेगळाच आजार आहे. तिथे तुमचं अडणं त्यांच्या बॉक्सबाहेर नसतं, स्वतःच्या बॉक्समध्ये असतं. कीपर सेंटर बॅकला देतो, त्याच्यावर दोघं चालून येतात, बॉल जातो आणि गोल. अशा मॅचला हट्ट करू नका. कीपरचं डिस्ट्रिब्युशन सेंटर बॅकऐवजी फुलबॅककडे करा किंवा समोरून वरच्या माणसाकडे एखादा लांब बॉल जाऊ दे. त्यांचे चार जण वर आले म्हणजे मागे जागा पडलीच, शॉर्ट पासिंगवाल्या टीमने वीस मिनिटांत दोन लांब बॉल दिले तर काही बिघडत नाही, उलट पुढच्या वेळी ते तितक्या जोमाने वर येत नाहीत.

आता खेळाडू. लोक स्काउटिंगमध्ये पासिंग (२० पैकी) १४, १५ बघून माणूस घेतात आणि मग म्हणतात पास चुकतोय. या खेळपद्धतीत पासिंग हा माझ्या मते तिसऱ्या नंबरचा अॅट्रिब्यूट, म्हणजे गुण, आहे. पहिला फर्स्ट टच. अंगावर माणूस असताना बॉल पहिल्या स्पर्शात नीट बसला नाही तर पुढचा पास कितीही चांगला येत असला तरी उपयोग नाही. दुसरा डिसिजन्स, म्हणजे कधी पुढे द्यायचा आणि कधी मागे हे कळणं. त्यानंतर पासिंग, टेक्निक, कंपोझर, आणि वरच्या माणसांसाठी ऑफ द बॉल, म्हणजे बॉल नसताना योग्य जागी पळणं. ऑफ द बॉल ७ असलेल्या माणसाला तुम्ही अटॅक ड्युटी दिली तरी तो पळेल, पण चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी. आयएसएलच्या लेव्हलला हे सगळं एका माणसात मिळणं अवघड आहे, पैसे पण तितके नसतात, त्यामुळे फर्स्ट टच आणि डिसिजन्स दोन्ही ज्यांचे बरे आहेत ते मध्ये लावा, आणि नुसते वेगवान आहेत ते टचलाइनला. संथ टेम्पोवर कमकुवत फर्स्ट टच झाकला जातो, चढ्या टेम्पोवर उघडा पडतो. तुमची टीम त्या बाबतीत कच्ची असेल तर टेम्पो स्टँडर्डवरच ठेवा, एकदम वर नेऊ नका.

ट्रेट, म्हणजे खेळाडूच्या अंगात मुरलेल्या सवयी, बघायला विसरू नका, हे बहुतेकांकडून राहून जातं. माझा डावा विंगर, ज्याला मी इनसाइड फॉरवर्ड अटॅक केला, तो पहिल्या तीन मॅचमध्ये तरीही खाली येऊन बॉल मागत होता. रोल बरोबर, ड्युटी बरोबर, मग हे काय? प्रोफाइल उघडलं तर ट्रेट होता, बॉल घ्यायला खाली येतो. ट्रेट रोलच्या वरचढ होतो. त्याला दुसऱ्या बाजूला मेझालाच्या मागे सपोर्टला लावून बघितलं, जमलं नाही, शेवटी तो प्लेमेकरचा बदली माणूस झाला आणि अकादमीतला एक साधा वेगवान पोरगा डावीकडे आला, ज्याचा पासिंग १० पण ऑफ द बॉल १३. सहा मॅचमध्ये पाच गोल. कागदावर आधीचा खेळाडू कितीतरी भारी होता. याउलट प्लेज वन-टूज, म्हणजे भिंतीसारखा पास घेऊन पुढे सटकण्याचा ट्रेट, हा मेझाला आणि इनसाइड फॉरवर्डसाठी सोनं आहे, ट्रेनिंगमधून शिकवता येतो, तरुण पोरांना लगेच शिकवायला लावा.

ट्रेनिंगचं थोडक्यात. टॅक्टिकमध्ये बदल केला की फॅमिलिॲरिटीचे, म्हणजे टीमला टॅक्टिक किती अंगवळणी पडलीय ते दाखवणारे, बार खाली येतात, मेंटॅलिटी, पासिंग, टेम्पो सगळ्यांचे वेगळे असतात, ते परत भरायला वेळ लागतो. आठवड्यात मॅच प्रिपरेशनमध्ये अटॅकिंग मूव्हमेंट आणि टीमवर्क ठेवा, मधल्या दिवसांत बॉल रिटेन्शन आणि चान्स क्रिएशन, मागून खेळताना गडबड होत असेल तर प्ले फ्रॉम द बॅक. एकाच आठवड्यात सगळं कोंबू नका, खेळाडू थकून मॅचला आले की सगळ्यात आधी फर्स्ट टच आणि डिसिजन बिघडलेले दिसतात आणि तुम्ही परत टॅक्टिकला दोष देणार.

आणि एका वेळी एकच बदल. हे ऐकायला सोपं आणि करायला फार कठीण आहे, कारण हरल्यावर हात शिवशिवतात. रोल बदलले, मेंटॅलिटी बदलली, फॉर्मेशन बदललं, तीन माणसं बदलली आणि पुढची मॅच ३-० जिंकली तर नक्की कशामुळे जिंकली ते कधीच कळत नाही, आणि परत अडलं की परत शून्यावर. मी वही घेऊन बसलो होतो. आधी फक्त डावी बाजू बदलली, तीन मॅच. मग उजवी, तीन मॅच. मग इन्स्ट्रक्शन कमी केल्या. मग टेम्पो. प्रत्येक वेळी निकालापेक्षा दर शॉटमागचा एक्सजी आणि पास मॅपमधली ती पांढरी जागा लिहून ठेवली. पहिल्या तीन मॅचपैकी एक हरलो, एक ड्रॉ, पण ०.०५ चा आकडा ०.०९ झाला होता, तेव्हा कळलं की दिशा बरोबर आहे. फक्त निकाल बघितला असता तर सगळं परत जुनं करून टाकलं असतं.

ग्राउंडकडेही लक्ष द्या. पिच खराब असेल, पाऊस असेल, तर आखूड पास अडकतात, त्या दिवशी पासिंग एक पायरी वर करून स्टँडर्डवर आणा, पुढच्या मॅचला परत खाली. सीझनच्या आधी पिचची लांबी-रुंदी बदलायचा पर्याय मिळाला तर शक्य तितकी रुंद घ्या, समोरची भिंत तितकी ताणली जाते.

फुटबॉल मॅनेजर २६ घेतलेल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्यात बॉल असतानाचं आणि बॉल नसतानाचं फॉर्मेशन वेगवेगळं लावता येतं. म्हणजे वर जे तीन प्रश्न सांगितले ते बॉल असतानाच्या फॉर्मेशनवर विचारा आणि मागे कोण उरतं तो प्रश्न दोन्हीकडे विचारा, बाकी तर्क तोच.

शेवटचं मॅच चालू असतानाचं. ६० मिनिटं झाली, ०-०, समोरचे दहा जण खाली. पहिली प्रतिक्रिया असते मेंटॅलिटी एकदम व्हेरी अटॅकिंग करायची. करू नका, त्याने टेम्पो आणि डायरेक्टनेस इतके वर जातात की तुमचे लोक लांबून मारायला लागतात आणि कॉर्नरवरून काउंटर खाता. त्याऐवजी ताजा विंगर आणा, थकलेल्या फुलबॅकसमोर ताजे पाय म्हणजे अर्धं काम झालं. मग फॉल्स नाइन काढून अॅडव्हान्स्ड फॉरवर्ड किंवा पोचर आणा, जो सेंटर बॅकच्या अंगावर उभा राहील, कारण तासभर त्यांना गुंतवून ठेवायला कोणी नव्हतं आणि आता अचानक आहे. तेवढ्यानेही ७५ पर्यंत काही झालं नाही तर डाव्या विंग बॅकला सपोर्टवरून अटॅक करा, पण उजवा इन्व्हर्टेड फुलबॅक तेव्हा अजिबात हलवायचा नाही, तो जागेवरच. गेममध्ये तीन टॅक्टिक स्लॉट मिळतात आणि तिन्ही ट्रेनिंगमध्ये शिकवले जातात, तर हे सगळं बदललेलं व्हर्जन दुसऱ्या स्लॉटमध्ये आधीच सेव्ह करून ठेवा म्हणजे ६० व्या मिनिटाला घाईघाईत एकेक रोल शोधत बसायला लागत नाही. तिसऱ्या स्लॉटमध्ये मी प्रेस करणाऱ्या टीमसाठीचं ठेवलंय, पासिंग स्टँडर्ड, पास इंटू स्पेस चालू, कीपर फुलबॅककडे.